फटीतली चोच

"आता तरी मला गुहेत बसवणार ना, बुवा?"

दिगंबरानं पुन्हा विचारलं. बुवा ओसरीवर कोवळा फणस चिरत बसले होते. हाताला तेल, तेलावर चीक. त्यांनी मान वर केली नाही.

मठाच्या वर डोंगरात एक गुहा आहे. दर उन्हाळ्यात मठातला एकजण तिथं एकांतात बसतो. दाराला दगड रचतात. हात जाईल एवढी फट तेवढी ठेवतात. पाऊस तोंडावर आला की दगड काढतात.

दिगंबर त्या गुहेसाठीच मठात राहिला होता म्हणा ना.

"मला गुरू भेटलाय, बुवा," तो म्हणाला.

"मग इथं काय करतोस?"

दिगंबर हसला नाही. त्यानं मोबाईल पुढं धरला. कुठल्याशा दाट रानात, उंच झाडावर लोकांनी एक लाकडी पेटी बांधलेली. पेटीत धनेश पाखराची मादी. आतच कॅमेरा. तिथं जे चाललंय ते त्याच घडीला इथं दिसत होतं.

"बघा. हिनं आपणच आत जाऊन दार लिंपून घेतलं. पंखांची पिसं गाळून टाकली. आता उडायचं म्हटलं तरी जमायचं नाही. अंधारात नुसती बसून असते. याला म्हणतात तप!"

"खाते काय?"

"उंबरं."

"आत उंबर उगवलाय होय?"

"तसं नाही हो... फट आहे ना. तिथून चोच आत येते. नराची."

"तो कसा आहे दिसायला?"

"तो दिसत नाही. कॅमेरा आत आहे."

"लांबून येतो?"

"काय ठाऊक! नुसत्या खेपा घालतो तो, बुवा. त्यात काय बघायचं? तप हिचं."

बुवांनी फणसाची आणखी एक फोड केली.

पडद्यावर मादी फटीशी सरकली. चोच लावून बसली. फटीतून उजेड येत होता, दुसरं काही नाही...

दिगंबर बोलायचा थांबला. मोबाईल जवळ घेतला. पुन्हा लांब धरला.

"एवढा उशीर नाही करत तो," तो पुटपुटला. "येईल ना, बुवा?"

"नुसत्या खेपा घालणारा. तुला काय त्याचं?"

...

"आला! आला बघा!"

फटीत चोच आली. चोचीत उंबर. दिगंबरानं श्वास सोडला.

बुवांनी कोयता बाजूला ठेवला, हात पुसले.

"चल. दगड रचायचे."

दिगंबर उड्या मारतच घोंगडी घेऊन आला. चढावर बुवांना धाप लागली. दोनदा बसले. गुहेशी आल्यावर त्यांनी दिगंबराच्या खांद्यावरची घोंगडी काढून घेतली, वाकले, आणि स्वतःच आत गेले.

"बुवा... तुम्ही? या वयात? आणि मी?"

"दगड रच."

दिगंबरानं वाकून पहिला दगड उचलला. मग रचू लागला. फट तेवढी उरली.

"तुमच्या भाकरीचं..." तो विचारू लागला.

फटीतून बुवांचा हात बाहेर आला. तेलकट, रिकामा.

"चोच रोज बघतोस, दिगू... आता त्यामागचे पंख बघ."