बांधावरचे फावडे

"घर तुझे, आल्के, पण त्याच्याखालची जमीन माझी!" विक्रीखतावरची शाई वाळते न वाळते तोच जहागीरदार लुडोल्फ म्हणाले. "रविवारी चर्चची पहिली घंटा वाजेल, तेव्हा ते घर माझ्या जमिनीवर उभे दिसता कामा नये. आणि त्याची एक वीट जरी सुटी केलीस, तर विक्री रद्द!"

आल्केच्या हातात नुकतीच पडलेली किल्ली एकाएकी जड झाली. बारा वर्षे चीज थापून तिने या घरापुरती पुंजी जमवली होती. तिचे वडील, म्हातारे योरिस, गावच्या पवनचक्कीवर चाळीस वर्षे राबले. आता गुडघ्यांनी दगा दिला होता आणि चक्कीवरची खोली नव्या माणसासाठी आठवड्याभरात रिकामी करायची होती.

"सरकार, हे आधी सांगितले असतेत तर?"

"आधी विचारले असतेस तर?" जहागीरदार मिशीतल्या मिशीत हसले. काकांच्या पश्चात ही जहागीर मिळाल्यामुळे ते गेल्याच वसंतात शहरातून ओस्टरव्लीटला आले होते. एका गवळणीने स्वतःच्या मालकीच्या घरात राहावे, ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटत होती.

आल्केने क्षणभर विचार केला. "ठीक आहे. अट पाळली, तर घर कायमचे माझे, असे लिहून द्याल?"

"आनंदाने!"

"आणि आपली जमीन कुठपर्यंत, तेही लिहा. समुद्राकडच्या बांधाच्या पायथ्यापर्यंतच ना?"

"पायथ्यापर्यंत का म्हणून? घरासमोरचा बांधसुद्धा माझाच!" जहागीरदारांनी तेही झोकदार अक्षरांत लिहून दिले.

योरिसबाबांनी कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं, विटा न काढता घर हलवायला ते काय कोंबड्यांचे खुराडे आहे? गेली तुझी बारा वर्षे पाण्यात!"

"बाबा, शनिवारी बांधाची पाहणी आहे ना? सरकारांना आपला फावड्याचा कायदा ठाऊक असेल?"

म्हाताऱ्याने तोंडातली चिलीम बाहेर काढली. "त्यांना फावडे ठाऊक असले तरी पुष्कळ!" एवढे बोलून तो थबकला, लेकीकडे पाहू लागला आणि हळूहळू त्याची हनुवटी हसण्याने थरथरू लागली.

ओस्टरव्लीट हे हॉलंडातले गाव समुद्राच्या पातळीहून खाली वसलेले. भोवतीचा मातीचा बांध होता, म्हणून गाव होते. ज्याची जमीन, त्याच्याकडे तिच्यासमोरच्या बांधाची राखण. पाहणीच्या दिवशी प्रत्येक मालकाने फावडे घेऊन आपापल्या तुकड्यावर उभे राहायचे आणि बांधप्रमुख दाखवतील ते खिंडार स्वहस्ते बुजवायचे. नोकराचा हात चालत नसे. समुद्र काही धनी आणि चाकर पाहून आत शिरत नाही!

शनिवारी जहागीरदारही आले. मनगटावर रेशमी झालर, पायांत उंच टाचांचे बूट आणि हातात कोरे करकरीत फावडे. घर जागच्या जागी पाहून ते खूश झाले.

पांढऱ्या दाढीचे बांधप्रमुख सीब्रांट काठी टेकीत आले. मागून सारा गाव. "हा तुकडा कोणाचा?"

"माझा! लेखी माझा!" जहागीरदार गरजले.

सीब्रांटांनी काठी रोवली. ती हातभर आत गेली. "उंदरांनी पोखरला आहे. सूर्यास्तापूर्वी बुजवा, सरकार. स्वतः!"

जहागीरदारांनी फावडे मारले. चिखल उडाला तो थेट झालरीवर! दुसऱ्यांदा मारले, तेव्हा बूट रुतला.

"सरकार, फावडे जरा तिरपे धरावे," आल्के अदबीने म्हणाली.

"तू मला शिकवणार?"

"छे, छे! आमच्याकडे सात वर्षांच्या पोरांनाही हे शिकवावे लागत नाही."

गर्दीत कोणीतरी खुदकन हसले. जहागीरदारांचा चेहरा गाजरासारखा लाल झाला. त्यांनी फावडे उचलले आणि दातओठ खाऊन बांधात उभे रोवले. "ज्याला हा चिखल हवा, त्याने खुशाल घ्यावा! मी उपसणार नाही!"

आणि त्यांनी पाठ फिरवली.

पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

"काय झाले? कोणी मेले का?" जहागीरदार गोंधळले.

"आपली मालकी, सरकार," सीब्रांट शांतपणे म्हणाले. "बांध राखणे ज्याला झेपत नाही, तो त्यात फावडे रोवून निघून जातो. तेवढ्या तुकड्यामागची जमीन मग फावडे उपटणाऱ्याची. पण बांधाचा भारही त्याच्याच माथी. आपल्या आजोबांच्या आजोबांनी या कायद्यावर सही केली आहे. बोला गावकरी, हे फावडे कोण उपटतो?"

आल्केने एप्रनला हात पुसले, लाकडी बूट मातीत घट्ट रोवले आणि एका हिसक्यात फावडे उपटले. "मी! जमीनही माझी आणि हे खिंडारही माझे!" सूर्य मावळण्याआधी तिने ते ठोकून ठोकून बुजवलेसुद्धा.

रविवारी पहिल्या घंटेला जहागीरदार त्या कागदाची आपल्याकडची नक्कल फडकावीत बांधावर हजर! "जमीन गेली तर गेली, पण अट ती अट! घर अजून जिथल्या तिथे आहे!"

दारातून आल्के म्हणाली, "सरकार, मोठ्याने वाचा. घर कुठे उभे नसावे?"

"माझ्या जमिनी..." जहागीरदार अडखळले.

"वीट एकही सुटी केली नाही. घर फार जड होते, म्हणून त्याच्याखालून आपली जमीनच तेवढी काढून घेतली!"

जहागीरदारांनी कागदाकडे पाहिले, घराकडे पाहिले, कालच्या चिखलाचे डाग अजून न गेलेल्या झालरीकडे पाहिले, आणि ते असे खदखदून हसले की चर्चच्या छपरावरचे करकोचे उडाले!

"पोरी, तुझ्यापुढे हात टेकले! आजपासून माझ्या उरलेल्या साऱ्या बांधांची कारभारीण तू! मागशील ते वेतन, आणि शिवाय माझ्या गोठ्यातल्या दोन दुभत्या गाई!"

"मग कारभारणीचा पहिला हुकूम ऐकाल?"

"ऐकतो, ऐकतो!"

"खाली उतरा, सरकार! आपल्या टाचांनी माझा बांध खचतो आहे!"

जहागीरदारांनी पोट धरून हसत हसत बूट काढले आणि ते हातात घेऊन अनवाणीच खाली उतरले. दुपारच्या आत दोन्ही गाई आल्केच्या दारात हंबरत उभ्या होत्या.