अकरा गाठींचा दोर

फार पूर्वी मंदा नदीच्या काठी शंखपूर नावाचे नगर होते. तेथे मेघवाहन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने राजाच्या नदीपालाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव वरुणदत्त. त्याचे आजोबा नदीपाल होते, वडील नदीपाल होते, आणि वडिलांच्या मागे तोही नदीपाल झाला. नदीचे पात्र, घाट, उतार आणि वाळू यांच्यावर देखरेख ठेवणे हे त्याचे काम. वारशात त्याला दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक सागवानाची हातभर लांबीची मापकाठी आणि दुसरी कधी खोटे न बोलण्याची सवय. दोन्हींचा त्याला अभिमान होता, आणि तो अंमळ जास्तच होता.

मंदेच्या काठी एका शिळेवर राजाच्या पणजोबांची आज्ञा कोरलेली होती. नदीतली वाळू एक हाताहून खोल कोणी काढू नये. तो हात कुठून मोजायचा, हे काही शिळेवर लिहिले नव्हते. पणजोबांना वाटले असेल, हे का सांगायला हवे?

त्या वेळी नगरात नवे महाल, नवे तट आणि नव्या धर्मशाळा उठत होत्या. त्या सगळ्यांना वाळू पुरवण्याचे काम कपर्दक नावाच्या श्रेष्ठीकडे होते. पूर ओसरला की त्याच्या बैलगाड्या वेतसग्रामाजवळ पात्रात उतरत. दरवर्षी मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला वरुणदत्त तपासणीला येई. खणलेल्या खड्ड्यात काठी उभी धरी, काठापासून तळापर्यंत मोजी आणि ताडपत्रावर लिही, 'एक हात. आज्ञेप्रमाणे.' पात्रात उतरताना त्याच्या पायाला त्रास नको म्हणून कपर्दकाची माणसे शिडी लावून ठेवत. दरवर्षी त्या शिडीला एकेक दांडा वाढत होता. वरुणदत्त मात्र शिडी लावणाऱ्यांचे आभार मानून खाली उतरे.

कपर्दकाने त्याला कधी लाच दिली नाही. देण्याची गरजच पडली नाही. एवढा प्रामाणिक नदीपाल मिळायला भाग्य लागते, असे तो चारचौघांत मनापासून म्हणत असे.

वेतसग्रामात तगरा नावाची एक बाई राहत होती. विहिरीचे दोर वळणे हा तिचा पिढीजात धंदा. नवरा गेल्यावर धंदा तिनेच पुढे चालवला. गावातल्या दोरांची लांबी तिला तोंडपाठ असायची, आणि हे दोर वर्षागणिक लांबत चाललेले तिने पाहिले. पूर्वी उन्हाळ्यात बायका पात्रातल्या वाळूत कोपरभर झिरा उकरून घागर भरत. आता पात्रात वाळू नव्हती, उघडा खडक होता, आणि खडक काही पाणी धरून ठेवत नाही. काठच्या विहिरी खोल जाऊ लागल्या. तिने राजाकडे फिर्याद केली की कपर्दक आज्ञा मोडून वाळू काढतो आहे.

राजाने फिर्याद तपासायला कोणाकडे पाठवली? नदीपालाकडे. नदीपालाने लिहून दिले, 'एक हात. आज्ञेप्रमाणे.' फिर्याद निकाली निघाली. पुढच्या वर्षी तगराने दुसरी फिर्याद केली. तीही त्याच वाटेने गेली आणि त्याच तीन शब्दांनिशी परत आली. तिसऱ्या वर्षी तगराने फिर्यादीत दोन नावे घातली. एक कपर्दकाचे आणि दुसरे नदीपाल वरुणदत्ताचे.

शंखपुरात एक कडक कायदा होता. एकाच गोष्टीची तिसरी फिर्याद खोटी ठरली, तर फिर्याद करणाऱ्याने राज्य सोडून जावे. सभेतल्या लेखकाने तगराला तो दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "ऐकू आलं हो मला. तुम्ही लिहा."

आपले नाव फिर्यादीत आहे हे कळल्यावर वरुणदत्ताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तीन पिढ्यांत कोणी बोट दाखवले नव्हते, आणि आता एक दोर वळणारी बाई त्याला सभेत उभे करणार होती! सुनावणीला तीन दिवस होते. या बाईजवळ असे काय आहे ते एकदा पाहून यावे, म्हणजे उत्तर चोख देता येईल, असे ठरवून तो चैत्रातल्या भर उन्हात वेतसग्रामाला निघाला.

गावात पोचला तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडली होती. विहिरीवर तगरा बसली होती. तिने त्याला ओळखले. उठून नमस्कार केला.

"बाई, आधी थोडं पाणी द्या," वरुणदत्त म्हणाला.

"देते की. पण माझे खांदे आज फार दुखतायत, बाबा. पोहरा तुम्हीच सोडा."

वरुणदत्ताने पोहरा विहिरीत सोडला आणि दोर हातातून जाऊ दिला. दोर जुना होता, पळसाच्या मुळ्यांचा, हातांनी गुळगुळीत झालेला. थोड्या वेळाने तळहाताला एक गाठ लागली. गाठीपुढे दोर अंबाडीचा होता. मग दुसरी गाठ आली, आणि पुढे ताग. मग तिसरी गाठ, आणि काथ्या. पोहरा अजून पाण्याला लागला नव्हता. गाठींमधले अंतर कुठे हातभर होते, कुठे जरा कमी. अकरावी गाठ हातातून गेली तेव्हा कुठे खालून बुडबुड ऐकू आली.

"एवढ्या गाठी कशाला?" त्याने विचारले. "तुम्ही तर दोर वळता. सलग नवा का नाही वळून टाकत?"

तगराला त्याच्या अज्ञानाचे नवल वाटले. "विहिरीचा पहिला दोर टाकायचा नसतो, बाबा. आमच्या गावची रीतच आहे ती. ज्यांनी विहीर खणली त्यांच्या हातचा असतो तो. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला आम्ही दोराची पूजा करतो. त्या दिवशी पोहरा टेकतो का पाहायचं, नाही टेकला तर नवा तुकडा जोडून गाठ मारायची. माझ्या सासूबाईंच्या अख्ख्या आयुष्यात एकही गाठ मारावी लागली नाही त्यांना."

"पौर्णिमेला?"

"हो. तुम्ही काठी घेऊन येता ना, त्याच दिवशी. तुम्ही तिकडे काठी बुडवता, आम्ही इकडे गाठ मारतो."

वरुणदत्ताला नदीपाल होऊन अकरा वर्षे झाली होती.

त्याने पोहरा वर ओढला. वर येताना अकराही गाठी पुन्हा एकेक करून त्याच्या तळहाताला लागल्या. पाणी गढूळ होते. तगराने ते पदराने गाळून त्याला दिले, आणि ज्या माणसामुळे तिला गाव सोडावे लागणार होते तो पोटभर पाणी पिईपर्यंत ती भांडे धरून उभी राहिली. मनात एवढा राग असूनही तिचा हात आखडला नाही, हे वरुणदत्ताने पाहिले, आणि त्याचे डोळे भरून आले.

तेथून तो घाटावर गेला. लहानपणी आजोबा तपासणीला येत तेव्हा तो याच घाटाच्या शेवटच्या पायरीवरून कोमट वाळूत उडी मारायचा. तेव्हा ती पायरी वाळूला टेकलेली होती. आज तो शिडीने खाली उतरला आणि वर पाहिले, तर ती पायरी त्याच्या डोक्याच्याही कितीतरी वर होती. त्याने शिडीचे दांडे पाहिले. जुने दांडे काळपट पडले होते आणि खालचे नवे होते. पायाखालची वाळू सरकली असे आपण सहज म्हणतो. या माणसाच्या पायाखालून ती अकरा वर्षे सरकत होती, आणि तो दरवर्षी तिच्यावरच उभा राहून नेमाने मोजत होता. मागच्या वर्षी जिथे खड्ड्याचा तळ होता, तिथून या वर्षीचा खड्डा सुरू होत होता. दर पुराने आणलेली चार चार बोटे वाळू सोडली, तर हातावर हात असे अकरा हात त्याच्या सहीने गेले होते.

संध्याकाळी कपर्दक त्याच्या घरी आला. त्याने वरुणदत्ताचा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखले.

"नदीपाल, मी काही मागायला आलो नाही," तो म्हणाला. "खोटं बोला असं तर तुम्हाला मी कधीच म्हणणार नाही. महाराज विचारतील, काठी काय सांगते. जे खरं ते सांगा. एक हात. त्यापुढं तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

कपर्दक म्हणाला ते खरे होते. एकही खोटा शब्द न उच्चारता तो आपले पद, आजोबांचे नाव आणि स्वतःची लाज राखू शकत होता. जाणार होती ती फक्त तगरा, आणि तिच्या मागे एका गावाचे पाणी.

तिसऱ्या दिवशी सभा भरली. तगरा एका बाजूला उभी होती. येताना तिने घरातली दोर वळायची चाती बरोबर बांधून आणली होती, कारण निकाल विरुद्ध गेला तर तिला परत घरी जाऊ देणार नव्हते. राजाने विचारले, "नदीपाल, तुमची काठी काय सांगते?"

"एक हात, महाराज."

कपर्दकाने समाधानाने श्वास सोडला. तगराने चातीवरची पकड घट्ट केली.

"आता महाराजांनी मला विचारावं," वरुणदत्त पुढे म्हणाला, "की तो हात मी कुठून मोजला."

सभेत चुळबुळ झाली. राजाने विचारले, "कुठून?"

"दरवर्षी पात्राच्या नव्या तळापासून. काठी खरी आहे, पण तिला मागचं वर्ष आठवत नाही. ज्याला आठवतं असं एक साधन वेतसग्रामात आहे. ते आणायची आज्ञा व्हावी."

तो विहिरीचा दोर आणला गेला. वरुणदत्ताने स्वतःच्या हाताने तो सभेत पसरला आणि सिंहासनापासून मागे मागे जात एकेक गाठ दाखवली. ही माझ्या पहिल्या वर्षाची, ही दुसऱ्या वर्षाची. अकरावी गाठ आली तेव्हा तो सभेच्या दारात पोचला होता. तिथूनच त्याने हात जोडले.

"महाराज, पहिल्या दोन फिर्यादी माझ्या शब्दावर फेटाळल्या गेल्या. चूक माझी असताना ती तपासायला माझ्याकडेच आली, आणि मी ती वाकून पाहिलीही नाही. शिक्षा मला व्हावी. आणि एक विनंती आहे. शिक्षेआधी मला या बाईंचे आभार मानू द्या."

मग तो तगरासमोर आला आणि आजोबांची मापकाठी त्याने गुडघे टेकून तिच्या पायाशी ठेवली.

"आई, मला कोणी काही म्हणत नव्हतं, म्हणून मी स्वतःला चांगला समजत होतो. तुम्ही तीनदा आलात. दोनदा मी तुम्हाला हाकललं, तरी घरदार पणाला लावून आलात. तुम्ही आला नसता, तर मी प्रामाणिक म्हणवून घेतच मेलो असतो. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

इतकी वर्षे या माणसाला शिव्याशाप देत आल्यामुळे तगराला आता अवघडल्यासारखे झाले. ती म्हणाली, "उठा हो बाबा. पाणी तुम्हीही प्यालात ना आमचं. मग झालं तर."

मग राजाने निर्णय दिला. वेतसग्रामाजवळचे खणणे त्याच दिवशी थांबले. कपर्दकाच्या आवारात वाळूचे जे ढीग होते, ते त्याच्याच गाड्यांनी परत पात्रात नेऊन टाकायचे. यापुढे खोली मोजायची ती घाटाच्या शेवटच्या पायरीपासून, आणि मोजताना गावची माणसे हजर हवीत. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याकडे ती कधीही तपासायला जाणार नाही. आणि तिसऱ्या फिर्यादीचा तो कायदा राजाने रद्द केला. वरुणदत्ताचे पद मात्र त्याने काढून घेतले. वरुणदत्ताने ते आनंदाने दिले, आणि घरी जाऊन बऱ्याच वर्षांनी तो शांत झोपला.

पुढे तो वेतसग्रामातच राहायला गेला आणि तगराकडून दोर वळायला शिकला. पहिली दोन वर्षे त्याचे दोर वेडेवाकडे येत. तगरा ते उसवून त्याच्यासमोर टाकी आणि म्हणे, "पुन्हा." तो हसून पुन्हा बसे, आणि प्रत्येक वेळी मनात तिचे आभार मानी.

मंदा नदी दर पुराला चार बोटे वाळू आणते. सहाव्या पुरानंतर मार्गशीर्षातली पौर्णिमा आली, दोराची पूजा झाली, आणि पोहरा सोडला तेव्हा दोर उरला. म्हातारी झालेली तगरा विहिरीच्या काठावर बसून होती. तिने अकरावी गाठ नखाने उकलायला घेतली, पण ती घट्ट बसली होती. मग वरुणदत्ताने एका बाजूने धरले, तिने दुसऱ्या बाजूने, आणि गाठ सुटली. तो हातभर तुकडा तगराने त्याच्या हातात दिला. जुन्या घरी आजोबांची मापकाठी जशी टांगलेली असायची, तसा त्याने तो या घरी टांगला. उरलेल्या दहा गाठी सुटायला आणखी साठ पूर लागणार होते. ते पाहायला आपण नसणार हे त्याला ठाऊक होते, तरी एवढे सुख त्याला पूर्वी कधी झाले नव्हते.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, एका आंबराईतल्या विहारात कल्माष नावाच्या भिक्षूसाठी सांगितली. विहाराच्या न्हाणीचे पाणी गावाच्या तळ्यात जाते, असे वासभा नावाच्या म्हाताऱ्या उपासिकेने कल्माषाला तीनदा सांगितले होते. न्हाणीची व्यवस्था त्याच्याकडे होती, म्हणून तो तिच्यावर रुसला होता आणि तिच्या दारी भिक्षेला जाणे त्याने सोडले होते.

कथा संपवून शास्ता म्हणाला, "त्या जन्मीचा राजा मेघवाहन म्हणजे या विहाराचा आजचा स्थविर. तगरा म्हणजे ही वासभा. नदीपाल वरुणदत्त मी स्वतः होतो. मी कुणाला शिकवायला लागलो, त्याच्या कितीतरी आधी हिने मला शिकवले आहे."

कपर्दक कोण होता ते शास्त्याने सांगितले नाही, आणि कल्माषाने विचारलेही नाही. तो उठला, कुदळ घेऊन न्हाणीच्या मागे गेला आणि पाण्याचा पाट त्याने केळीच्या आळ्याकडे वळवला. मग भिक्षापात्र घेऊन तो वासभेच्या दारी जाऊन उभा राहिला.

आपली चूक दाखवणाऱ्याचे उपकार मानावे आणि ते जन्मभर विसरू नयेत. बोधिसत्त्वाने त्या जन्मात जोपासलेला हा गुण म्हणजे कृतज्ञता.