तोडलेल्या पानाची पिशवी

एका जंगलात, ओढ्याकाठच्या उंबराच्या ढोलीत, एक साळुंकी आपल्या लेकीसह राहत असे. साळुंकी मनाने चांगली होती, पण आपली लेक चारचौघांत उठून दिसावी याची तिला फार हौस. समोरच्या झुडपात एक म्हातारा शिंपी राहायचा. मुलांनो, हा शिंपी सदरे-झबली शिवणारा नव्हे बरं का! हा अंगठ्याएवढा पक्षी. चोच हीच त्याची सुई आणि सावरीचा कापूस हाच त्याचा धागा. झाडावरच्या रुंद पानाच्या दोन्ही कडा जवळ ओढायच्या, त्यांना टाके घालायचे आणि झालेल्या पिशवीत मऊ घरटं करायचं, असं त्याचं काम. साळुंकीने ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी लेकीला त्याच्यापुढे नेऊन उभं केलं. "शिंपीदादा, आमच्या सात पिढ्यांत कुणी टाका घातलेला नाही. पण हिला तुम्ही शिकवाच," ती म्हणाली.

शिंपी हसून "बरं" म्हणाला. पण पंधरा दिवस झाले तरी त्याने पोरीला एकही टाका घालू दिला नाही! सकाळी उठून ती दोघं नुसती पानं बघत हिंडायची. कोवळं पान कुठलं, निबर कुठलं, कुठल्या पानावर दुपारचं ऊन येतं, कुठलं वाऱ्यात फार फडफडतं. मग सावरीखाली बसून कापूस पिंजायचा. पोर घरी यायची ती गुणगुणतच. ढोलीतल्या काड्या उलटसुलट करून बघायची, त्यांत पळसाची पाकळी खोचायची, लांब जाऊन मान वाकडी करून न्याहाळायची, आणि पुन्हा गुणगुणायची. "अगं, काय हा पसारा!" म्हणून साळुंकी तिच्यावर ओरडायची. तरी ते गुणगुणणं कानावर आलं की तिला आतून फार बरं वाटायचं, हेही खरं.

अशात मोराने दवंडी पिटली. येत्या पौर्णिमेच्या सकाळी सपाट कातळावर कलेचा मेळा भरणार, आणि ज्याचं काम सर्वांत सुंदर त्याला मोर स्वतःच्या पिसाऱ्यातलं एक पीस देणार! साळुंकीला राहवेना. ती शिंप्याकडे धावली.

"दादा, पौर्णिमेला अवघे आठ दिवस उरले. पोरीची पिशवी कधी होणार?"

"तिचं पान तिला सापडलं की होईल."

"आणि मग ती मेळ्याला न्यायची कशी? झाड उपटून?"

"न्यायची कशाला? ज्याला बघायची आहे तो येईल की इथं," शिंपी म्हणाला आणि आपल्या टाक्याकडे वळला.

साळुंकी रागाने फणफणत परतली. वाटेत पेरूवर पोपट बसला होता. जंगलात जे जे कुणाला येतं ते ते आपल्यालाही येतं, असा त्याचा दावा. तो म्हणाला, "एवढंच ना साळुंकीताई? पान तोडून आणा. सुट्या पानावर मी चार दिवसांत शिकवतो." साळुंकीने उंबराचं सर्वांत मोठं, तुकतुकीत पान देठापासून खुडून आणलं. पोपट समोर बसून घोकून घ्यायचा, "वर-खाली, वर-खाली! चुकलीस? पुन्हा पहिल्यापासून!" पोर निमूटपणे टाके घालायची. सरावाच्या पानांचा ढोलीखाली ढीग पडला. गुणगुणणं कधी थांबलं ते साळुंकीच्या लक्षातही आलं नाही. तिचे दिवस टाके मोजण्यात जात होते.

पौर्णिमेच्या पहाटेच तोडलेल्या ताज्या पानाची पिशवी अशी देखणी झाली की मोरही बघतच राहिला. त्याने तिथल्या तिथे आपलं पीस काढून पोरीला दिलं. साळुंकीला आभाळ ठेंगणं झालं. तिने पिशवी ढोलीच्या तोंडाशी टांगली, शेजारी पीस खोचलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून दाखवू लागली.

पहिल्या दिवशी पिशवी हिरवीगार होती. दुसऱ्या दिवशी कडा वळल्या. तिसऱ्या दिवशी कावळा आला आणि त्याने कुतूहलाने नुसती चोच लावली, तर पिशवीचा कडकन चुरा होऊन खाली पडला. "अरेच्चा, बक्षीस पाचोळ्याला मिळालं होतं वाटतं!" असं म्हणून कावळा उडून गेला.

साळुंकी मनातून खजील झाली, पण लेकीला म्हणाली, "जाऊ दे गं बाळ. तू आणखी एक शीव."

पोरीने विचारलं, "पुन्हा मेळा आहे का?"

"नाही."

"मग कशाला शिवायची?" एवढं बोलून ती ढोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. काड्या जशाच्या तशा होत्या. पळसाची पाकळी सुकून गेली होती. आता कुठे साळुंकीला उमगलं की घरात कितीतरी दिवस कुणी गुणगुणलेलं नाही. पिशवी गेल्याचं दुःख ती केव्हाच विसरली.

चुरा पंज्यात धरून ती शिंप्याकडे गेली. "दादा, धागा कच्चा निघाला का हो?"

शिंप्याने चुरा उलटून पाहिला. "धागा पक्का आहे. टाकेही सरळ आहेत. पान कुणी तोडलं?"

"मी," साळुंकी म्हणाली आणि तिला रडूच आलं. "पानाचं सोडा. पोरच गप्प झाली माझी."

शिंपी तिला आपल्या घरट्यापाशी घेऊन गेला. तिथलं शिवलेलं पान जिवंत होतं. टाक्यांची भोकं थोडी मोठी झाली होती, कारण पान अजून वाढत होतं. "ताई, मी तिला टाका शिकवतच नव्हतो. टाका काय, चार दिवसांत येतो, पोपटाने दाखवलाच. मी तिला रोजचं बघायला शिकवत होतो. ते सुटलं की सगळंच सुटतं."

"आता काय करू?"

"तिला काही सांगू नका. तुम्हीच बसा शिवायला."

साळुंकी उंबराच्या एका फांदीवर बसली. पान तोडलं नाही. तिने आयुष्यात टाका घातला नव्हता. पहिला वाकडा गेला, दुसरा सुटला, तिसऱ्याला तिचं स्वतःचंच पीस शिवलं गेलं. ढोलीतून पोर बघत होती. थोड्या वेळाने खुदकन हसण्याचा आवाज आला.

"आई, हे पान निबर आहे गं. त्याच्यामागचं घे. आणि कापूस एवढा जाड नाही धरायचा." ती बाहेर आली. तिने मोराचं पीस उचललं, त्यातला एक झगमगता तंतू ओढून काढला आणि आईच्या वाकड्या टाक्याशेजारी एक सरळ टाका घातला. मग दुसरा तंतू ओढला. दुपारपर्यंत बक्षिसाच्या पिसाचा नुसता दांडा उरला, पण साळुंकीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिची लेक पुन्हा गुणगुणत होती.

तात्पर्य : मुलांना कला शिकवायची ती बक्षिसासाठी खुडून नव्हे, तर त्यांच्या रोजच्या जगण्याला जोडून; कारण फांदीला धरून असलेलं पानच हिरवं राहतं.