शिंगं नकोत म्हणणारा कॉम्प्युटर

राऊटरलाही तोंड होतं, त्या काळची गोष्ट. चिपळूणच्या निमकरकाकूंनी गेम खेळायला एक इवलासा कॉम्प्युटर आणला. आकार लाडवांच्या डब्याएवढा, ऐट मात्र संस्थानिकाची. सोबतचे दोन अँटेना बघून तो किंचाळला, "ही शिंगं लावून मी काय बोकड दिसू?" काकूंनाही पटलं. त्यांनी अँटेना 'लागतील कधीतरी' म्हणून जुन्या किल्ल्यांच्या डब्यात टाकले.

मग ऐन लढाईत वायफाय जायला लागलं. काकू हरल्या की कॉम्प्युटर भिंतीवरच्या राऊटरवर खापर फोडायचा. "म्हातारा झालाय तो. भंगारात घाला!"

"काकू, मी तर इथेच आहे हो," राऊटर कळवळून म्हणाला. दिवसातून दहादा बंद-चालू होऊन तो बिचारा गरगरला होता. पण त्याचं ऐकतंय कोण?

नवा राऊटर आला, जुना भंगाराच्या पोत्यात गेला. वायफाय जातच राहिलं. एकदा कपाटाची किल्ली शोधताना काकूंच्या हाताला अँटेना लागले. त्यांनी ते कॉम्प्युटरच्या पाठीत पिळून बसवले आणि वायफाय जे आलं, ते गेलंच नाही.

"बघा," कॉम्प्युटर शिंगं डोलवत म्हणाला, "राऊटर बदला म्हणून कधीचा सांगत होतो!"

काकूंनी पोत्यातून जुना राऊटर काढला, पदराने पुसला, पुन्हा भिंतीवर लावला आणि त्याच्यावर अख्खी लढाई जिंकली.

"आता बोल, बोकडा," काकू म्हणाल्या.