‘कट’ म्हणण्याचा अधिकार

एकदा एक नामवंत दिग्दर्शक एका गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट करायला निघाला. कादंबरी होती खाडीत होडी चालवणाऱ्या एका विधवेची. तिचा भाऊ त्यात एकाच प्रकरणात येतो, “माहेरी चल” म्हणतो आणि नकार ऐकून निघून जातो. दिग्दर्शकाने भावाची भूमिका स्वतःकडे घेतली आणि मग भाऊ फुगतच गेला. भाऊ गाऊ लागला, गुंडांना लोळवू लागला. पोस्टरवर भाऊ डोंगराएवढा आणि होडी त्याच्या बुटाएवढी!

कॅमेऱ्यामागे एक वृद्ध छायालेखक होते. त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलगी हे पाहून धुमसत होती. कॉलेजात असल्यापासून ती होडीवाली तिला सख्ख्या मावशीसारखी ओळखीची होती.

त्या दिवशी नकाराचा प्रसंग होता. भावाचे लांबलचक भाषण, मग बहिणीचे उत्तर: “होडी माझी आहे. मी येणार नाही.” सारी कादंबरी या उत्तरावर उभी. पण चित्रीकरण थांबवण्याचा अधिकार दिग्दर्शकाचा. स्वतःचे भाषण संपले, की तो तृप्तपणे ओरडे, “कट!” बहीण झालेल्या बाईंचे उघडलेले तोंड तसेच मिटे. भाषण आणखी रंगावे म्हणून त्याने पुन्हा घेतले, पुन्हा तेच.

“सर, सांगा ना त्यांना!” मुलगी फणफणली. “तुम्ही मोठी माणसं गप्प बसता, म्हणून यांचं फावतं.”

 वृद्ध जाऊन बाईंच्या कानात काहीतरी सांगून आले.

पुढच्या खेपेला “कट” झाले, दिग्दर्शक आरशाकडे वळला, पण वृद्धांनी कॅमेरा थांबवलाच नाही. बाईंनी वल्हे घट्ट धरले आणि हलक्या आवाजात उत्तर दिले.

“कट म्हटलं ना मी? ऐकू येत नाही?” दिग्दर्शक खेकसला.

“वय झालं, साहेब.”

मुलगी चक्रावली. “हे काय, सर? चोरून?”

“पोरी, प्रसंगाबाहेर उभा राहून जो सगळ्यांकडे पाहतो, त्यानेच ‘कट’ म्हणायचं असतं. हा आत शिरला. आत शिरलेल्याला स्वतःचं बोलणं संपलं की प्रसंग संपला असं वाटतं. त्याला ती बहीण खरोखरच दिसत नाही. म्हणून बाहेरून मी पाहिलं.”

“आणि संकलनात त्यांनी ते कापलं तर?”

“कापेलही.”

“मग चोरून टिपून काय उपयोग? ती दिसत नाही, हे त्यांना सांगणार कोण?”

वृद्ध पुन्हा कॅमेऱ्याकडे वळले.

पुन्हा चित्रीकरण सुरू झाले. भाषण संपले, दिग्दर्शकाने तोंड उघडले, तोच मुलगी कडाडली, “थांबा साहेब! त्यांचं बोलणं व्हायचंय.”

दिग्दर्शक गर्रकन तिच्याकडे वळला.

“तू कोण मला सांगणारी?”

“मी बाहेर उभी आहे. इथून त्या दिसतात.”

“उद्यापासून येऊ नकोस!”

“नाही येणार. पण आधी त्यांना बोलू द्या.”

वृद्धांच्या आत काहीतरी हलले. आयुष्यभर त्यांनी असे किती प्रसंग गुपचूप सावरले होते! चित्रपट वाचले, दिग्दर्शक मात्र होते तसेच राहिले.

कॅमेऱ्यावरचा हात काढून ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “पुन्हा घेऊ, साहेब. आणि या वेळी ‘कट’ ही पोर म्हणेल. नाहीतर उद्यापासून मीही येणार नाही.”