तिपाईवर कोण बसणार

वस्तूंनाही बोलता येत होतं, त्या काळची गोष्ट. धनेशाचं पिल्लू आज ढोलीतून पहिल्यांदा उडणार होतं आणि कॅमेरेरावांना धीर धरवत नव्हता.

"फोटो मी काढणार, तेव्हा तिपाईवर मीच बसणार," म्हणत ते चढले. पुढे चार किलोंच्या लेन्सबाई लोंबकळल्या. कॅमेरेरावांची मान मोडायला आली आणि ढोलीऐवजी नुसतं गवत दिसू लागलं.

"अहो, जड मी आहे. मला बसू द्या, तुम्ही मागे राहा," लेन्सबाई म्हणाल्या.

"तुमच्या शेपटीला लटकू होय?"

तेवढ्यात ढोलीचं तोंड बंद करणारं मातीचं लिंपण आतून फुटलं, फडफड ऐकू आली.

"बसा, बसा लवकर," कॅमेरेराव घाईने उतरले.

लेन्सबाई तिपाईवर बसल्या आणि मागे लटकलेल्या कॅमेरेरावांना पिल्लाचं पीसन्‌पीस दिसलं. पिल्लू झेपावलं, फोटो निघाला.

"आता बसायचंय का तुम्हाला?" लेन्सबाईंनी विचारलं.

"हलू नका हो, दुसरं डोकावतंय."