हंस मोजणारी शेवंती

कमळांनी भरलेल्या एका निळ्या तळ्याकाठी गोजराकाकूंचे पांढरेशुभ्र हंस राहायचे, आणि त्यांची मापं घ्यायची छोटीशी शेवंती. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून आईचं काम हिच्या चिमुकल्या हातांवर आलेलं. एकेका हंसाला कवेत धरायचं, छातीभोवती फीत गुंडाळायची, पाय मोजायचे. छाती भरली की मांस मऊ, रसाळ. मग तो हंस बाजारात जायचा. हंस घाबरून पंख फडफडवत, चोची मारत. संध्याकाळी शेवंतीचे दंड ठणकायचे, घास हातात असतानाच डोळे मिटायचे.

आज तिच्या लाडक्या धवलीची छाती भरली होती. खोटं माप सांगावं? शेवंतीची जीभ रेटेना.

"काकू, धवली भरली," ती कशीबशी म्हणाली.

"मग उद्या तीही," काकू दमल्या आवाजात म्हणाल्या. "काय करू, पोरी? यांच्यावरच तर आपल्या चुली पेटतात."

शेवंती तळ्याकाठी मुसमुसत बसली. तोच एक गुलाबी कळी हळूच उमलली. आत इवलीशी परी! मोरपिशी पंख, दवबिंदूंचा लखलखता झगा.

"एक इच्छा माग, बाळ. पण कुणाच्या तोंडचा घास काढणारी मागू नकोस."

धवलीला वाचव, असं ओठांवर आलं. पण काकूंची चूल? माझा शीण घालव, हेही आलं. पण हातात फडफडणारे ते भेदरलेले पंख तिला आठवले.

"माझ्या हातात कुठल्याच हंसाला भीती वाटू नये. तेवढंच दे."

परीने तिच्या तळव्यांवर सोनेरी पराग भुरभुरले.

सकाळी शेवंतीने एकेका हंसाला, आणि शेवटी धवलीला, अलगद गोंजारून खाली सोडलं. धवली डुलत डुलत निघाली, आणि तिच्यामागे सगळा कळप, चिडीचूप, शांत. काकू बघतच राहिल्या.

"अगं, भेदरलेल्या पाखराचं मांस निबर होतं. हे कसे निवांत आहेत! कळपाला असं सांभाळणारी हंसी मी विकेन होय? धवली इथेच राहील." मग त्यांना शेवंतीचे सुजलेले दंड दिसले. "आणि तुझी आई बरी होईपर्यंत मापं मी घेईन."

ज्यांची छाती भरली होती, ते बाकीचे हंस बाजारात गेलेच. शेवंतीने प्रत्येकाला कुरवाळलं. एकानेही पंख फडफडवला नाही.

ती गवतात टेकली, तेव्हा परी तिच्या कानाशी आली. "स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस, वेडाबाई." तिने शेवंतीच्या जड पापण्यांची हलकेच पापी घेतली. लख्ख, केशरी उजेड पसरला आणि त्यातच परी विरून गेली.

शेवंतीने तो उजेड पाहिलाच नाही. भर सकाळी, कोवळ्या उन्हात, ती गाढ झोपली होती, आणि तिला कुणीही उठवलं नाही.